पियानोवरची एक रचना किती दिवसांत बसते?

मळवली स्थानकावर उतरून भाजे गावातून लेण्यांच्या पायऱ्या चढल्या, की दक्षिणेकडच्या टोकाला असलेल्या विहारातील शिल्पपट लक्ष वेधून घेतात. सूर्य आणि इंद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रतिमांच्या सान्निध्यात तेथे एक छोटेसे दृश्य कोरलेले आहे. एक स्त्री दोन उभ्या चर्मवाद्यांवर हात चालवीत आहे आणि दुसरी तिच्या तालावर नृत्य करीत आहे. तबल्याचे पूर्वरूप म्हणून या दृश्याकडे अनेकदा बोट दाखवले जाते. त्याविषयी एकमत नाही. एवढे मात्र खरे, की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी मावळच्या या डोंगरात छिन्नी चालवणाऱ्या कारागिराने वाद्यावर बसलेला हात पाहिलेला होता. तो हात बसायला किती दिवस लागले, हे शिल्प सांगत नाही.

आज त्याच डोंगराच्या पायथ्याशी हा प्रश्न एका निराळ्या वाद्याच्या निमित्ताने विचारला जातो. द्रुतगती मार्ग झाल्यानंतर तळेगाव, कामशेत, लोणावळा या पट्ट्यात नवी वस्ती वाढली. हार्मोनियम आणि पखवाजाच्या या मुलखात काही घरांच्या दिवाणखान्यांत इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड किंवा डिजिटल पियानोही येऊन बसला. वाद्य घरी आले, की पाठोपाठ पालकांचा प्रश्न येतो : एखादी रचना पूर्ण वाजवायला किती दिवस लागतील? पन्नाशीत शिकू लागलेला निवृत्त गृहस्थही, जरा संकोचाने का होईना, हेच विचारतो.

प्रश्न साधा असला, तरी चुकीच्या उत्तराचे परिणाम साधे नसतात. 'महिनाभरात येईल' असे सांगितले आणि तीन महिने लोटले, की मूल मंद आहे असा घरच्यांचा समज होतो. 'दहा वर्षे लागतील' असे सांगितले, तर वाद्यावर कापड पडते ते कायमचे. दोन्ही उत्तरांत एकच चूक आहे. काळ दिवसांत मोजला जातो आणि 'येणे' या शब्दाचा अर्थ कोणीच निश्चित करीत नाही.

'येणे' म्हणजे काय?

संगीतात एखादी गोष्ट 'येते' असे म्हणताना तीन वेगवेगळ्या अवस्था एकाच शब्दात गुंडाळल्या जातात. पहिली अवस्था म्हणजे हात बसणे. समोर स्वरलिपी ठेवून, संथ लयीत, न अडखळता सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाता येणे. दुसरी अवस्था पाठ होण्याची. या टप्प्यावर कागद बाजूला सारता येतो आणि रचना तिच्या योग्य लयीत वाजते. तिसरी अवस्था लोकांसमोर वाजवण्याची. समोर चार माणसे बसली आहेत, वाद्य परके आहे, एक स्वर चुकला आहे आणि तरीही रचना पुढे चालू राहते.

पहिल्या अवस्थेला जेवढा काळ लागतो, त्याच्या कितीतरी पट काळ उरलेल्या दोन अवस्थांना लागतो. पालक बहुधा पहिली अवस्था पाहून समाधान मानतात आणि स्नेहसंमेलनात तिसरीची अपेक्षा धरतात. घरी नीट वाजणारी रचना व्यासपीठावर विस्कटली, तर त्यात धाडसाचा अभाव शोधला जातो. वस्तुतः मधली एक संपूर्ण पायरी अद्याप चढायची राहिलेली असते.

आपल्या तबलावादकांना हा भेद ठाऊक आहे. एखादा कायदा ठाय लयीत हातावर चढला, म्हणजे तो दुगुण, चौगुण लयीत सफाईने वाजेल असे कोणी गृहीत धरत नाही. त्याचे पलटे मनातून सुचू लागले, म्हणजेच तो कायदा अंगी मुरला असे मानतात. पियानोच्या बाबतीतही हीच कसोटी लावली, तर बरेच गैरसमज आपोआप दूर होतात.

दोन हातांची दोन कामे

हार्मोनियमची सवय असलेल्या घरात पियानो सोपा वाटण्याची शक्यता असते. पट्ट्या त्याच आहेत, काळ्या-पांढऱ्यांची मांडणीही तीच आहे. मात्र आपल्याकडे रूढ असलेल्या हातपेटीत एक हात पट्ट्यांवर आणि दुसरा भात्यावर असतो. स्वर चालवण्याचे काम एकाच हाताकडे राहते. पियानोच्या ८८ पट्ट्यांवर दोन्ही हात एकाच वेळी स्वतंत्र कामे करतात. उजवा हात धून वाजवीत असताना डावा हात आधारस्वर धरतो, लय तोलतो किंवा दुसरीच धून चालवतो.

पाश्चात्त्य स्वरलिपीत या दोन हातांसाठी पाच-पाच रेषांच्या दोन स्वतंत्र पट्ट्या एकाखाली एक छापलेल्या असतात आणि त्या एकाच वेळी वाचायच्या असतात. त्यात पायाखालच्या पेडलची भर पडते. शिवाय पट्टी किती जोराने दाबली यावर स्वराचा लहानमोठेपणा ठरतो. इसवी सन १७०० च्या सुमारास इटलीतील फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने हे वाद्य घडवले, ते मुख्यतः याच गुणासाठी. हार्मोनियमवर भात्याने जे साधते, ते पियानोवर प्रत्येक बोटाला वेगवेगळे साधावे लागते.

अभिजात रचनेच्या बाबतीत आणखी एक बंधन असते. रागसंगीतात बंदिश ही काही ओळींची असते आणि तिचा विस्तार कलाकार करतो. पाश्चात्त्य अभिजात संगीतात रचनाकाराने प्रत्येक स्वर लिहून ठेवलेला असतो आणि त्यात काही गाळण्याची मुभा नसते. म्हणूनच तेथे 'ही रचना किती काळात येईल' हा प्रश्न मोजमापाला धरून विचारता येतो आणि त्याचे मोजलेले उत्तरही उपलब्ध आहे.

मोजलेले उत्तर

रोमानियात जन्मलेल्या व्यावसायिक पियानोवादक गॅब्रिएला इम्रे यांनी बाखच्या 'इटालियन कन्चेर्टो'चा तिसरा, द्रुत भाग शिकताना आपला रियाज चित्रफितीवर नोंदवला. मानसशास्त्रज्ञ रॉजर चॅफिन यांच्यासह केलेल्या या अभ्यासावरचे पुस्तक २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. बाखने १७३५ मध्ये प्रकाशित केलेल्या या रचनेचा हा भाग २१० बारचा आहे. स्वरलिपीत उभ्या रेषांनी पाडलेल्या खान्याला 'बार' म्हणतात. आपल्याकडील तालाच्या आवर्तनाशी त्याचे नाते जवळचे आहे. हा भाग वाजवून संपायला चार मिनिटेही लागत नाहीत.

तो मैफलीसाठी तयार व्हायला इम्रे यांना सुमारे ३३ तासांचा रियाज लागला. हे तास ५७ बैठकांत आणि सुमारे दहा महिन्यांच्या कालावधीत विभागलेले होते. मध्ये मोठे खंडही होते. हिशेब केला, तर प्रत्येक बारमागे नऊ मिनिटांहून अधिक आणि वाजवण्याच्या प्रत्येक मिनिटामागे आठ तासांहून अधिक काळ खर्ची पडला. बालपणापासून वाद्य हाताळणाऱ्या, मैफली गाजवणाऱ्या कलावतीचा हा हिशेब आहे. दोन वर्षे शिकलेल्या मुलाकडून दोन मिनिटांची रचना दोन आठवड्यांत मागणाऱ्यांनी तो ध्यानात ठेवावा.

दुसरे उदाहरण हौशी वादकाचे आहे. लंडनच्या 'गार्डियन' या दैनिकाचे तेव्हाचे संपादक ॲलन रसब्रिजर यांनी २०१० मध्ये शोपाँचे पहिले 'बॅलड' वर्षभरात बसवण्याचा संकल्प सोडला. सुमारे दहा मिनिटांची ही रचना निष्णात वादकांनाही घाम फोडते. रसब्रिजर लहानपणी पियानो शिकलेले होते. वृत्तपत्राच्या धबडग्यातून रोज वीस मिनिटे काढायची, असा त्यांचा बेत होता. ते वर्ष विकिलीक्सच्या गौप्यस्फोटांचे ठरले. त्यात वीस मिनिटेही अनेकदा हाती लागली नाहीत. वर्षाची मुदत उलटली, आणखी काही महिने गेले आणि मग त्यांनी ती रचना श्रोत्यांसमोर वाजवली. या अनुभवावरचे त्यांचे पुस्तक २०१३ मध्ये आले.

रोज वीस मिनिटे म्हणजे वर्षाचे सुमारे १२० तास. 'वर्षभर लागले' म्हटले, की काळ फार मोठा वाटतो. '१२० तास लागले' म्हटले, की तोच काळ आवाक्यातला वाटतो. रचनेला लागणारा काळ तासांत मोजावा आणि ते तास किती दिवसांवर पसरायचे, हे आपल्या दिनक्रमावरून ठरवावे, हे या दोन्ही उदाहरणांचे तात्पर्य.

ढोबळ अंदाज

प्रत्येकाची तयारी वेगळी असल्यामुळे नेमका आकडा सांगणे धाडसाचे ठरेल. तरीही काही परिचित रचनांवरून अंदाज बांधता येतो. बाखच्या घरातील वहीमुळे प्रसिद्ध झालेला आणि आता ख्रिस्तियान पेट्झोल्ड या रचनाकाराच्या नावे ओळखला जाणारा 'जी मेजर'मधील मिन्युएट अवघ्या ३२ बारचा आहे. वर्षभर शिकलेल्या आणि रोज अर्धा तास बसणाऱ्या मुलाला तो हातावर चढायला तीन-चार आठवडे लागणे स्वाभाविक आहे. तो निर्धास्तपणे वाजायला आणखी तेवढेच.

बीथोव्हनच्या 'फ्यूर एलिझे'ची गोष्ट अधिक बोलकी आहे. तिची सुरुवात इतकी सोपी आणि इतकी लोकप्रिय आहे, की अनेक विद्यार्थी ती दोन आठवड्यांत वाजवू लागतात. घरात कौतुक होते. पुढचे दोन भाग मात्र एकदम अवघड आहेत आणि तेथे पोचल्यावर बहुतेकांचा रियाज थांबतो. परिणामी ही रचना 'येते' असे म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांना तिचा मुखडाच येत असतो. संपूर्ण रचना नीट वाजवायची, तर दोन-तीन वर्षांच्या पूर्वतयारीनंतरही काही महिन्यांचे काम आहे.

त्याच बीथोव्हनचा 'मूनलाइट सोनाटा' हे आणखी एक उदाहरण. १८०१ मधील या रचनेचा पहिला, विलंबित भाग मध्यम तयारीच्या विद्यार्थ्याला काही महिन्यांत साधू शकतो. तिसरा भाग वादळासारखा द्रुत आहे आणि त्यासाठी आधी अनेक वर्षांची बैठक लागते. एकाच रचनेच्या दोन भागांत एवढे अंतर असेल, तर रचनेच्या नावावरून काळ सांगणे किती फसवे आहे, हे वेगळे सांगायला नको.

घाटापुरती जादा इंजिने

हे तास कमी करता येतात का? येतात. त्याचे सूत्र लोणावळेकरांच्या रोजच्या पाहण्यातले आहे. मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी १९२ किलोमीटरचे अंतर तोडते. त्यात कर्जत ते लोणावळा हा घाटाचा टप्पा अवघ्या २८ किलोमीटरचा, म्हणजे एकूण वाटेचा साधारण सातवा हिस्सा. पण १८६३ मध्ये सुरू झालेल्या या बोरघाटाचा चढ काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट एवढा तीव्र आहे. म्हणून लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात आणि घाट संपला, की लोणावळ्याला ती सोडतात. संपूर्ण मार्गावर ती ओढत नेण्याचा खटाटोप रेल्वे करीत नाही.

विद्यार्थी नेमके उलटे करतो. तो रोज पहिल्या बारपासून सुरुवात करतो, सपाटीवरचा भाग झोकात वाजवतो, घाट लागला की अडखळतो आणि पुन्हा पहिल्या बारवर येतो. महिन्याअखेर सुरुवात शंभर वेळा वाजलेली असते आणि अवघड जागा जेमतेम दहा वेळा, त्याही चुकत. रचनेतील एक सप्तमांश घाट आधी ओळखावा, दिवसाचा निम्मा रियाज तेथे खर्च करावा आणि सपाटीला तिच्यापुरताच वेळ द्यावा, एवढ्याने महिन्यांचे काम आठवड्यांवर येऊ शकते.

या अनुभवाला संशोधनाचाही आधार आहे. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात रॉबर्ट ड्यूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पियानोच्या १७ प्रगत विद्यार्थ्यांना शोस्ताकोविचच्या एका कन्चेर्टोमधील तीन बारचा छोटा तुकडा रियाजासाठी दिला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे वादन तपासले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कोण किती मिनिटे बसला किंवा कोणी किती वेळा वाजवले, यावरून वादनाचा दर्जा ठरला नाही. चूक झाल्यावर काय केले, यावरून तो ठरला. सर्वोत्तम ठरलेल्या तिघांच्या हातूनही चुका झाल्या होत्या. पण त्यांनी चुकीची नेमकी जागा हेरली, लय उतरवली आणि ती जागा स्थिर होईपर्यंत पुढचे पाऊल टाकले नाही.

लय उतरवणे हे कमीपणाचे लक्षण मानण्याची आपल्याकडे सवय आहे. सर्गेई रखमानिनोव्ह हा विसाव्या शतकातील असामान्य पियानोवादक. त्याचा रियाज दाराबाहेरून ऐकल्याची आठवण अब्राम चेसिन्स या वादकाने नोंदवली आहे. शोपाँची एक द्रुत रचना तो इतक्या संथपणे वाजवीत होता, की चेसिन्सला ती ओळखायलाच वेळ लागला. एकेका बारला सुमारे वीस सेकंद लागत होते. ज्याला वेगाची सर्वांत कमी चिंता असावी, तो वादक सर्वांत सावकाश बसत होता.

झोप आणि लोकल

रियाज संपल्यावरही शिकणे संपत नाही, ही बाब अलीकडच्या काळात अधिक स्पष्ट झाली आहे. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना बोटांनी ठरावीक क्रमाने कळा दाबण्याचा सराव दिला होता. रात्रीच्या झोपेनंतर, मध्ये कोणताही सराव न करता, त्यांचा वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला आढळला. तेवढेच तास जागे राहिलेल्यांत तशी वाढ दिसली नाही. बोटांच्या हालचालींची घडी मेंदू झोपेत बसवतो, असा याचा अर्थ.

यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. रविवारी सलग साडेतीन तास बसण्यापेक्षा रोज अर्धा तास बसणे लाभाचे, कारण पहिल्या पद्धतीत आठवड्यात एकच रात्र कामी येते आणि दुसरीत सात. इम्रे यांचे ३३ तास ५७ बैठकांत वाटलेले होते, म्हणजे एक बैठक सरासरी ३५ मिनिटांची, हेही येथे आठवावे. शोपाँ स्वतः आपल्या विद्यार्थ्यांना दिवसाकाठी तीन तासांहून अधिक रियाज करू देत नसे. कंटाळलेल्या बोटांनी केलेला रियाज चुका पक्क्या करतो, हे तो जाणून होता.

मावळातल्या विद्यार्थ्याला आठवड्यातून एकदा शिकवणीसाठी पुणे गाठावे लागते, तेव्हा लोकलमध्ये जाता-येता अडीच-तीन तास जातात. तेही वाया जाण्याचे कारण नाही. १९९५ मध्ये अल्वारो पास्क्वाल-लेओने आणि सहकाऱ्यांनी पाच बोटांचा एक पाठ काही जणांकडून प्रत्यक्ष पियानोवर, तर काहींकडून केवळ मनातल्या मनात, पाच दिवस रोज दोन तास करून घेतला. मनातल्या सरावानेही मेंदूच्या हालचालींशी संबंधित भागात प्रत्यक्ष सरावासारखेच बदल दिसले. वादनात ही मंडळी थोडी मागे होती. पण एकदा दोन तास पियानोवर बसल्यावर त्यांनी ते अंतर भरून काढले. स्वरलिपी मांडीवर घेऊन डोळ्यांनी रचना वाचणारा प्रवासी घाटाचा एखादा टप्पा लोकलमध्येच ओलांडू शकतो. रचनेत कोणता भाग कोठे पुन्हा येतो आणि परतताना कोठे वळण बदलतो, हे जाणून घ्यायला तर वाद्याची गरजच नसते.

पावसाळ्याचा हिशेब

लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतांश चार महिन्यांत. हवेतल्या ओलाव्याने तबल्याची पुडी उतरते, हे येथील वादक जाणतात. लाकडी पियानोलाही ओलावा सोसत नाही. त्याचा ध्वनिफलक फुगतो, सुमारे २३० तारांचा ताण बदलतो, पट्ट्या दबून तशाच राहू लागतात. अडणाऱ्या पट्टीशी झुंजत केलेला रियाज बोटांना चुकीचे बळ लावायला शिकवतो आणि मग दोष मुलाच्या माथी येतो.

पावसाळी मुलखात म्हणूनच अनेक जण डिजिटल पियानो पसंत करतात. तेथे एक सावधगिरी हवी. अगदी हलक्या, खेळण्यासारख्या पट्ट्यांच्या की-बोर्डवर बसवलेली रचना खऱ्या पियानोवर नव्याने बसवावी लागते. वजनदार आणि दाबाप्रमाणे आवाज बदलणाऱ्या पट्ट्या असलेले वाद्य महाग पडते खरे. पण त्यामुळे तीच रचना दोनदा शिकण्याचे कष्ट वाचतात.

परीक्षा आणि तालीम

पियानो शिकणारी आपल्याकडील अनेक मुले ब्रिटनमधील संस्थांच्या आठ श्रेणींच्या परीक्षांना बसतात. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा १८७७ पासून, तर असोसिएटेड बोर्डाची स्थापना १८८९ मधली. प्रत्येक श्रेणीला साधारणपणे तीन रचना तयार कराव्या लागतात. या व्यवस्थेने शिक्षणाला शिस्त आली. पण तिचा एक धोका आहे. परीक्षेसाठी वर्षभर तीनच रचना घोटणाऱ्या मुलाला त्या तीन उत्तम येतात आणि चौथी वाचता येत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून तेवढाच काळ जातो. याउलट, परीक्षेच्या रचनांबरोबरच दर आठवड्याला एखादी सोपी, नवी रचना नुसती वाचून वाजवणाऱ्या मुलाचा वाचनाचा वेग वाढतो आणि प्रत्येक पुढच्या रचनेचा काळ घटत जातो. प्रगती ओळखायची खरी खूण हीच आहे.

मोजकेच घोटावे, असे आपली परंपरा सांगत नाही का? सवाई गंधर्वांनी कुंदगोळला भीमसेन जोशी यांच्याकडून प्रामुख्याने तोडी, मुलतानी आणि पुरिया या रागांची मेहनत करून घेतली, हे प्रसिद्ध आहे. मात्र तेथे राग घोटून घेण्यामागे इतर रागांची वाट मोकळी करण्याचा हेतू होता. मोजक्या रागांतून आवाजाचा लगाव, स्वरांची जागा, विस्ताराची पद्धत हाती आली, म्हणून पुढचे राग उलगडत गेले. एका रचनेतून दहा रचनांची गुरुकिल्ली मिळत असेल, तर तिच्यावर घालवलेले वर्षही सार्थकी लागते. किल्ली न मिळता केवळ रचना पाठ होत असेल, तर तीन महिनेही अधिक झाले.

याच संदर्भात दहा हजार तासांच्या बहुचर्चित आकड्याविषयीही सांगायला हवे. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील सर्वोत्तम विद्यार्थ्यांनी वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत सरासरी सात हजारांहून अधिक तास एकट्याने रियाज केला होता. पुढे २००८ मध्ये माल्कम ग्लॅडवेल यांच्या पुस्तकामुळे दहा हजारांचा आकडा जगभर पसरला आणि जणू नियमच बनला. तो जागतिक दर्जाच्या वादकांच्या संदर्भातला आहे आणि तोही सरासरीचा. २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संशोधकांना संगीतातील कौशल्याच्या फरकांपैकी सुमारे २१ टक्के फरकाचेच स्पष्टीकरण रियाजाच्या तासांतून मिळाले. बाकीचा वाटा इतर अनेक गोष्टींचा. घरात संध्याकाळी एक मिन्युएट सुरेल वाजावा एवढीच इच्छा असणाऱ्याने या आकड्याने दबून जाण्याचे कारण नाही.

तर मग पालकांना काय सांगावे? 'किती दिवस' हा प्रश्न बदलून तीन लहान प्रश्न विचारायला सांगावे. रचना किती बारची आहे? तिच्यातला घाट कोठे आहे? आणि रोज, अगदी वीस मिनिटे का होईना, वाद्याशी बसणे होते का? या तिन्हींची उत्तरे मिळाली, की कालावधीचा अंदाज शिक्षक सहज देऊ शकतो. तो अंदाज महिना-दोन महिन्यांनी चुकला, तरी त्यात कोणाची मानहानी नाही. इंग्लंडच्या एका मातब्बर संपादकाचाही तो चुकलाच होता.

भाज्याच्या लेण्यातील त्या वादक स्त्रीचा हात शतकानुशतके एकाच क्षणी थबकलेला आहे. घरातल्या वाद्यावरचा मुलाचा हात मात्र रोज थोडासा बदलत असतो. इतका थोडा, की जवळच्यांच्या नजरेला तो बदल दिसत नाही. अडलेल्या जागेवर गेल्या आठवड्यात जो स्वर चुकत होता, तो आज लागला का, एवढे रोज कान देऊन ऐकणारे कोणी घरात असेल, तर ते मूल चौथ्या महिन्यातही वाद्यापाशी बसलेले दिसेल.